त्याची ओरिजनल, माझी कॉपी

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील पहिल्या एकदोन महिन्यांतच एक प्रश्न विचारतात. मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी असते. त्यानं मोबाइलवर एखाद्या जुन्या गाजलेल्या मॉडेलचा फोटो पाहिलेला असतो. ओरिजनलची किंमत घरात कुणालाच परवडणारी नसते. मग कुणीतरी सांगतं की हुबेहूब तशीच दिसणारी कॉपी ऑनलाइन मिळते. ती घेतली तर चालेल का, असं ते मला विचारतात.

मी चालेल म्हणते. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं हाताला लागतात का ते बघा, तारा ताणायच्या चाव्या पिळून सोडल्यावर जागेवर राहतात का बघा, एक डोळा मिटून गिटारीची मान सरळ आहे का बघा, आणि थोडे पैसे दुरुस्तीवाल्यासाठी वेगळे ठेवा. एवढं सांगून मी विषय संपवते. उत्तर खोटं नाही. पण ते देताना माझ्या तोंडाला दरवेळी कडवट चव येते, आणि त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझं लहानपण मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एक निवृत्त गार्ड राहायचे, त्यांनी मला गिटार धरायला शिकवलं. त्यांची गिटार साधी लाकडी होती. बारावीनंतर मी नाशिकला आले, हॉस्टेलवर राहिले, आणि पहिल्याच वर्षी गॅदरिंगमध्ये वाजवताना त्यानं मला ऐकलं. तो म्हणजे माझा नवरा. तेव्हा तो एक वर्ष पुढे होता. त्याच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, खोलीत गिटार जोडायचा एक अँप होता, आणि तेवढ्यावर आमचा बँड उभा राहिला. पुढची लीड गिटार तो वाजवायचा, साथीची रिदम मी. हे नक्की कधी ठरलं ते मला आठवत नाही. खोली त्याची, अँप त्याचा, तेव्हा ते ठरवायची वेळच आली नसेल.

तो वाईट वाजवायचा असं नाही. बोटं वेगानं चालायची, दिसायलाही छान दिसायचा. पण ताल सुटायचा. सुटला की मी माझा हात जरासा रोखून धरायचे, तो परत जागेवर यायचा आणि गाणं पुढे जायचं. समोरच्यांना काही कळायचं नाही. त्यालाही कळायचं नाही. मला वाटायचं, हेच तर प्रेम.

लग्नानंतर बँड संपला. त्याला नाशिकमध्येच, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली, मी शाळेत गणित शिकवू लागले, मुलगी झाली. गिटारी कुठे गेल्या ते कुणी विचारलंही नाही. मग बऱ्याच वर्षांनी कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी परदेशी पाठवलं आणि येताना तो ओरिजनल घेऊन आला. कॉलेजात तिचा फोटो त्यानं गच्चीवरच्या खोलीत चिकटवला होता, तेच मॉडेल. विमानतळावरून घरी आल्यावर त्यानं बूटही न काढता आधी गिटारची केस उघडली. मला खरंच आनंद झाला होता. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी मुलीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

मी म्हटलं, मला बघू दे. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि लगेच म्हणाला की बांगडी काढ आधी. मी बांगडी काढेपर्यंत त्यानं ती परत केसमध्ये ठेवली होती.

पंधरवड्यानं घरी एक मोठं खोकं आलं. त्यात त्याच मॉडेलची कॉपी होती, रंगही तोच. त्यानं ती माझ्यासाठी मागवली होती. "तुला काय, ही आरामात चालेल," तो म्हणाला. दोघांनी दोन गिटारी गळ्यात अडकवून फोटो काढला. फोटोत कुठली खरी आणि कुठली नकली ते ओळखू येत नव्हतं, आणि तो फोटो पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ते ओळखायला लावायचा. लोक चुकले की खूश व्हायचा आणि मग माझ्या गिटारीवर बोट ठेवून सांगायचा, ही कॉपी.

पहिले काही महिने त्या कॉपीनं मला छळलं. पट्ट्यांची टोकं मानेच्या कडेला बाहेर आलेली होती, उन्हाळा लागला तशी लाकूड आक्रसून आणखी बाहेर आली. हात वरखाली केला की तळव्याला ओरखडे पडायचे. अँपला जोडली की फ्रीजसारखी गुणगुण चालू व्हायची. आणि तिसरी तार. खाली सगळं सुरात असायचं, पण मानेवर वरच्या बाजूला गेलं की तिसरी तार किंचित उतरती, सुराच्या खाली लागायची. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी हातात घेतलीस, हात बसलेला नाही अजून." मला ते पटलं. गार्डकाकांनी शिकवलेला हात मी स्वतःच्या हातानं मोडलाय असं मला वाटलं, आणि मी रोज शाळेतून आल्यावर तासभर बसू लागले.

पंचवटीत एक दुरुस्तीवाला आहे, शेवटी त्याच्याकडे गेले. त्यानं टोकं कानशीनं घासून दिली, चाव्या बदलल्या. तिसऱ्या तारेबद्दल म्हणाला की फॅक्टरीतच तारा टेकतात तो ब्रिज थोडा मागे बसवलाय, मला जेवढा पुढे आणता येतो तेवढा आणलाय, बाकी तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. मी चालवून घेतलं. वर गेलं की तिसरी तार बोटानं हलकीशी ओढायची, म्हणजे सूर जागेवर यायचा. पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की आपण काही वेगळं करतोय हे मला जाणवेनासं झालं.

लॉकडाऊनमध्ये शाळेनं पगार अर्ध्यावर आणला आणि नंतर तोही रखडला. मी शाळा सोडली आणि इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये गिटारचा क्लास सुरू केला. आधी दोन मुलं होती, मग वाढत गेली. मुलीच्या पुण्याच्या कॉलेजची फी त्या क्लासमधून जाऊ लागली. त्या कॉपीवर मी रोज वाजवत होते. मानेवरचं पॉलिश माझ्या अंगठ्याच्या जागी उडालं होतं, वरच्या कडेला माझ्या हाताचा घाम मुरून रंग काळपट झाला होता. डोळे मिटून मी ती ओळखली असती.

ओरिजनल आमच्या बेडरूमच्या कपाटात असायची. केसमध्ये ओलावा शोषणाऱ्या पुड्या, वर सुती कापड. तो ती वाजवत नव्हता. सुरुवातीला रविवारी काढायचा, मग सणावारी, मग फक्त दसऱ्याला. दसऱ्याला पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहायचा, झेंडूचं फूल ठेवायचा आणि संध्याकाळी पुसून परत कपाटात. मी एकदा म्हटलं होतं की क्लासच्या मुलांना एकदा ऐकवूया तरी. तो म्हणाला, पोरांचे हात तेलकट असतात. मी स्वतःसाठी कधी मागितली नाही. बांगडीचा तो प्रसंग माझ्या डोक्यात बसला होता, आणि नंतर तर मी मनाशी ठरवूनच टाकलं की मला तिची गरज नाही. लोकांशी मी हिरीरीनं वाद घालायचे. ओरिजनल आणि कॉपी यांत नावाचा फरक असतो, बाकी सगळं हातात असतं, असं मी क्लासमध्ये सांगायचे. मुलं माना डोलवायची.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या बॅचनं दिंडोरी रस्त्यावरच्या एका वायनरीत स्नेहसंमेलन ठेवलं. हिरवळीवर छोटं स्टेज होतं, मागे द्राक्षांच्या बागा. जुन्या बँडनं दोनतीन गाणी वाजवावीत असा सगळ्यांनी आग्रह धरला. त्यानं ओरिजनल बाहेर काढली, नव्या तारा घातल्या, आठ दिवस संध्याकाळी सराव केला. खूप दिवसांनी आमच्या घरात दोन गिटारी वाजत होत्या आणि मला बरं वाटत होतं, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या गाण्यात तो अडकला. मधला सोलो, एकट्यानं वाजवायचा तुकडा, त्याचा होता. दोन ओळी वाजवल्या आणि पुढचं त्याला आठवेना. तो माझ्याकडे बघू लागला. मी रिदम सोडली आणि तो सोलो उचलला. तो मला येत होता, कॉलेजात शेकडो वेळा मी त्याच्या बाजूला उभी राहून तो ऐकला होता. मी तो तसाच न वाजवता थोडा लांबवला, कारण हात रंगात आला होता आणि कुणी थांबवत नव्हतं. संपल्यावर टाळ्या वाजल्या. वर्गातली एक जुनी मैत्रीण खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

खाली उतरल्यावर चारपाच जण भोवती जमले. एकानं विचारलं, ही कुठली गिटार? माझ्या नवऱ्यानं माझ्या गळ्यातली गिटार काढून हातात घेतली आणि सगळ्यांना उलटीसुलटी करून दाखवली.

"कॉपी आहे," तो म्हणाला. "पण बरी निघाली की नाही? मीच शोधून काढली होती."

मग स्वस्तातल्या कॉपी घ्याव्यात की नाही यावर चर्चा सुरू झाली. एकाच्या मुलाला गिटार घ्यायची होती. माझा नवरा त्याला समजावून सांगत होता की आता चायनातल्या फॅक्टऱ्यांत मशीननं कटिंग होतं, पूर्वीसारखं राहिलं नाही, दहा वर्षांपूर्वीची कॉपी जर अशी वाजते तर आजची कशी वाजेल विचार कर. माझ्या हातात त्याचं जॅकेट होतं आणि त्याची ओरिजनलची केस होती. त्या चर्चेत मला कुणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं काही चुकलं की हात बसलेला नाही असं ऐकलं होतं. त्या दिवशी काही चुकलं नाही, तर गिटार बरी निघाली.

 गाडीत तो खूश होता. म्हणाला की मजा आली, परत असं करायला पाहिजे.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी तिच्याजवळ मनमाडला राहायला गेले. क्लासला सुट्टी दिली होती. परत आले तेव्हा हॉलमधला माझा गिटारचा स्टँड रिकामा होता. मला वाटलं, झाडूपोछा करताना बाईनं आत ठेवली असेल. बेडरूममध्ये पाहिलं, गॅलरीत पाहिलं, मग त्याला फोन केला. तो फोनवर हसत होता. संध्याकाळी सांगतो म्हणाला, सरप्राइज आहे.

संध्याकाळी त्यानं मोठं खोकं उघडलं. नवी कॉपी होती. तेच मॉडेल, फिकट हिरवा रंग, मला आवडतो तो. त्यानं खूप वाचून, व्हिडिओ बघून ती निवडली होती आणि हे सगळं तो उत्साहानं सांगत होता. मी विचारलं, "माझी कुठेय?"

"विकली. ॲपवर टाकली तर दोन दिवसांत गेली."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?" तो म्हणाला. माझा चेहरा पाहून त्याला खरोखर काही कळत नव्हतं. "अगं, कॉपीच होती ती. हीसुद्धा तेच मॉडेल आहे, उलट कितीतरी चांगली आहे. वाजवून तर बघ."

मी वाजवून बघितली. चांगली होती. पट्ट्यांची टोकं गुळगुळीत, गुणगुण जवळजवळ नाही, चाव्या पक्क्या. मी एक सूर वाजवला आणि ती खाली ठेवली. रात्री मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पण बाबांनी नवीन दिली ना?" तिचंही बरोबर होतं. त्यात काय चुकलं हे मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं, आणि जे एका वाक्यात सांगता येत नाही ते आमच्या घरात कुणी ऐकून घेत नाही.

घेणाऱ्याचा नंबर त्यानं लगेच दिला. जाऊन भेटायचं असेल तर भेट म्हणाला, जरा हसलाही. मी फोन केला, पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर दिंडोरीला गेले. बागांमध्ये काढणी चालू होती, क्रेट भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर लागत होते, त्यांच्यामागे हळूहळू जावं लागत होतं. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होते. त्यानं दिले त्यापेक्षा जास्त पैसे देईन म्हणायचं. हिरवी नवी गिटार बदल्यात देईन म्हणायचं.

गिटार घेणारा तिशीचा होता. दिवसा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काम करायचा आणि लग्नसराईत पेठ तालुक्याच्या बाजूला जाणाऱ्या एका बँडमध्ये वाजवायचा. पिकअप गाडीवर स्पीकर लावून वाजवतात तसला बँड. घर दुकानाच्या मागेच होतं. त्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. गिटार भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती. त्यानं तिच्यावर चमकी लावली होती, लाल आणि चंदेरी, आणि माझ्या अंगठ्याच्या जागेवर बँडच्या नावाचं स्टिकर होतं.

मी सांगितलं की ही गिटार माझी होती, मी घरी नसताना विकली गेली, मला परत हवी आहे. तो गोंधळला. चोरीचा माल तर नाही ना, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

"तुमची?" तो म्हणाला. "साहेब तर म्हनले, घरात कोनी वाजवत नाय. नुसती पडून हे."

 मी विचारलं की असं म्हणाले का ते. तो म्हणाला, हो ना, म्हणूनच तर घेतली, म्हटलं वापरलेली नाय तर चांगली राहिली असंल. पण घरी आणून बघितली तर मान घासलेली दिसली. मग वाटलं आपल्याला फसवलं का काय. पण वाजते भारी, म्हणून ठेवली.

मी बदल्यात नवी देऊ केली. त्यानं मोबाइलवर तिचा फोटो पाहिला, बायकोलाही दाखवला. मग नाही म्हणाला. नीट बोलला, उगाच ताणून धरलं नाही. म्हणाला की हिच्यावर हात बसलाय, तिसरी तार जरा नाटक करती पण जमवून घेतलंय, लग्नाच्या सुपाऱ्या लागल्यात, आता मधीच नवी नको. ऐकताना मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, हेही कळत होतं.

त्यानं चहा घ्यायचा आग्रह केला. मग विचारलं, "ताई, तुम्हाला येतं का वाजवता?"

थोडंसं येतं, असं मी म्हटलं. त्यानं गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवली. चमकीचे कण हाताला लागत होते. तारा त्यानं जाड घातल्या होत्या. मी काही सूर वाजवले, वर गेले, तिसरी तार ओढली, सूर लागला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तो म्हणाला, "एवढं येतं तर मग इकली कशाला?" मी चहा संपवला आणि निघाले.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, घरात कुणी वाजवत नाही असं तू सांगितलंस का. तो लॅपटॉपवर काहीतरी काम करत होता. मान वर न करता म्हणाला, "असं सांगावं लागतं. रोज क्लासमध्ये वापरली म्हटलं की भाव पाडतात." मग माझ्याकडे बघितलं. "तू ते मनावर घेतलंस की काय?"

त्याच्या बोलण्यात काहीच खोट नव्हती. जुनी वस्तू विकताना सगळेच असं सांगतात. मी भांडले असते तर मलाच वेडी ठरवणं सोपं होतं. तो वाईट माणूस नाही. मला मारत नाही, पैसे अडवत नाही, माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यानंच डॉक्टर शोधून दिला. मी रोज चार तास त्याच्या घराच्या हॉलमध्ये वाजवते, आणि घरात कुणी वाजवत नाही हे सांगताना तो कुठे अडखळला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी कपाट उघडलं आणि ओरिजनल बाहेर काढली. बांगडी काढली नाही. स्नेहसंमेलनासाठी घातलेल्या तारा गंजायला लागल्या होत्या, त्या काढून नव्या घातल्या, मान पुसली, हॉलमध्ये आणून अँपला जोडली. मनात असं होतं की ही काही वेगळी वाजणार नाही. इतकी वर्षं सगळ्यांना जे सांगत आले ते खरं आहे हे एकदा बघून टाकावं, परत ठेवावी आणि विषय संपवावा.

अँप चालू केला आणि काहीच ऐकू आलं नाही. गुणगुण इतकी कमी होती की मला वाटलं वायर सैल आहे. पहिला सूर वाजवला आणि तो संपतच नव्हता. हळू वाजवलं तर हळू वाजायचं, जोर दिला तर आवाज फाटत नव्हता, भरत होता. मान हाताला कुठेच अडत नव्हती. मी वर गेले, तिसऱ्या तारेवर आले आणि सूर बेसूर लागला. परत वाजवला, परत बेसूर. मी सूर तपासायचा ट्यूनर लावून पाहिला. गिटार बरोबर होती. माझं बोट तार ओढत होतं. इथं ओढायची गरज नव्हती, पण बोटाला ते माहीत नव्हतं.

मी खूप वेळ बसून ते बोट सरळ करायचा प्रयत्न केला. जमेना. लक्ष ठेवलं की जमायचं, लक्ष हटलं की परत ओढलं जायचं. आणि तेव्हा मला रडू आलं, दिंडोरीला आलं नव्हतं ते. फरक होता. फरक नावाचा नव्हता. ओरिजनल खरोखर चांगली होती, ती माझ्यापासून चार पावलांवर कपाटात पडून होती, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून वाकड्या गिटारीसाठी माझा हात वाकडा करून घेत होते. वर मुलांना सांगत होते की सगळं हातात असतं. राग त्याचा येत होता तसा माझ्या त्या ताठ्याचाही येत होता.

मी ती परत कपाटात ठेवली नाही. स्टँडवर ठेवली. संध्याकाळी तो आला, त्यानं पाहिली. विचारायचं तरी होतंस, म्हणाला. मी म्हटलं, आता मी हिच्यावर शिकवणार आहे. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान काही तरी बोलेल, आणि मग मलाही बोलता येईल. मी तयारीत होते. तो म्हणाला, वापर, माझ्यानं आता होत नाही तसंही, फक्त उन्हात ठेवू नकोस. आणि हातपाय धुवायला गेला.

म्हणजे ते एवढं सोपं होतं. कुठल्याही वर्षी मी ती नुसती उचलून स्टँडवर ठेवली असती तर तो हेच म्हणाला असता. की नसता म्हणाला? मला कळत नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही.

हिरवी कॉपी क्लासमधल्या मुलांसाठी ठेवली आहे. चांगली आहे, तक्रार करायला जागा नाही. माझं बोट अजूनही अधूनमधून ओढलं जातं, विशेषतः मी दमले की. एखादं चलाख मूल लगेच वर बघतं आणि म्हणतं, मॅडम, बेसूर झालं. मी हो म्हणते आणि परत वाजवते.

पाहुणे आले की तो त्यांना हॉलमध्ये आणून ती गिटार दाखवतो. कंपनीनं कसं पाठवलं होतं, दुकान कसं शोधलं, विमानात केस वर ठेवायला एअर होस्टेसला कसं पटवलं, सगळं सांगतो. ऐकणारा विचारतो की तुम्ही वाजवता का. तेव्हा तो माझ्याकडे हात करतो.

"हिला देऊन टाकली," तो म्हणतो. "म्हटलं, आपल्यापेक्षा हिला उपयोग आहे."

पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघतात, नशीबवान आहात म्हणतात. मी चहा टाकायला आत जाते.